माळ फेकू नका, बहुतेकदा एकच दिवा गेलेला असतो

'एलईडीच्या माळा दुरुस्त होत नाहीत, दर दिवाळीला नवी आणायची' असं बरेच जण म्हणतात, मला ते निम्मंच पटतं. जुन्या माळेत साधारण ६ व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकामागोमाग जोडलेले असायचे, म्हणून २३० व्होल्टवर चालायचे आणि एक गेला की सगळ्या गॅलरीत अंधार. वसुबारसेला आमचे बाबा स्टुलावर चढून एकेक बल्ब पिळत बसायचे, खालून आईचं 'आधी बटण बंद करा' चालू.

आताच्या बटणवाल्या माळेत दिव्यांची उघडझाप करणाऱ्या डबीतून बहुधा दोन किंवा चार फाटे (दिव्यांच्या वेगवेगळ्या वायरी) निघतात. त्यामुळे सगळी माळ न जाता एखादा तुकडाच मरतो, आणि आपण ती सरळ कचऱ्यात टाकतो. गेल्या वर्षी आमच्या माळेचा निळा फाटा गेला. पिन काढून दिवे तपासले तर एकाचा पाय गंजून हिरवा पडला होता, मागच्या पावसाळ्यात माळ ग्रिलवरच राहिली होती त्याचा प्रताप. दुसऱ्या मेलेल्या माळेतला निळाच दिवा काढून सोल्डरचा डाग देऊन जोडला, वर टेप. (रंग तोच घ्या, लाल दिव्याला दोनेक व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास.) तुळशीच्या लग्नापर्यंत मजेत चालली. डबीच जळली असेल तर मात्र नवी माळ आणणंच खरं, त्या भानगडीत मीही पडत नाही.