ई-सिगारेटचा टँक गळतो तो आतल्या हवेमुळे

ड्रिपरवर, म्हणजे टँक नसलेल्या ई-सिगारेटच्या कॉइलवर (तापणाऱ्या तारेवर), थेट थेंब टाकून ओढलं की टँकपेक्षा चव जास्त खुलते, हे इथे एकाने मांडलेलं मत मान्य. पण त्याचंच 'टँक गळतो म्हणजे माल भिकार' हे काही पटलं नाही. टँकमधलं लिक्विड (ज्याची वाफ ओढतात ते) आपोआप खाली का येत नाही? वर कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो म्हणून. ती हवा तापली की फुगते आणि लिक्विडला कॉइलमधल्या कापसातून बाहेर ढकलते. म्हणून अर्धा रिकामा टँक जास्त गळतो, काठोकाठ भरलेला कमी. त्यात उकाड्याने लिक्विडमधलं ग्लिसरीनही पातळ होतं. विमानातही हेच, तिथे बाहेरचा दाब उतरतो इतकंच.

मी हे २०१८ च्या मे महिन्यात शिकलो. दादरला विरार फास्ट पकडली, शर्टाच्या खिशात पाव भरलेला टँक, चारी बाजूंनी माणसं. बोरिवलीपर्यंत खिशावर पिवळा डाग आणि हापूसचा घमघमाट. शेजारचे काका म्हणाले, "पेटी कुठे ठेवलीय हो?"

मग स्क्वॉन्कर घेतला, म्हणजे खाली बाटली जोडलेला ड्रिपर. खालची मऊ बाटली दाबली की लिक्विड कॉइलपर्यंत चढतं, सोडली की जास्तीचं बरंचसं परत बाटलीत. दर चार झुरक्यांनी थेंब टाकायची कटकट नाही. पण गर्दीत बाटली दाबली गेली की हवेच्या भोकातून पूर, त्यामुळे लोकलमध्ये तोही कुचकामीच. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री बंद झाली आणि माझं हे संशोधनही तिथेच थांबलं.