तर्कात तिसरी किंमत हवी की खरं-खोटं पुरे?

फोंडेकर: माझं मत सरळ आहे, वाक्याला खरं आणि खोटं सोडून तिसरी किंमत देणं म्हणजे आपल्या अज्ञानाला दिलेलं गोंडस नाव. रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून मला कळत नसेल की चोडणची बोट सुटली की नाही, पण ती सुटली तरी आहे नाहीतर नाही तरी, मला माहीत नाही म्हणून ती काय मांडवीत मधोमध लटकते?

धक्क्यावरचा: मधोमध असते की, रोज 😄

मांडवीकाठ: झालेल्या गोष्टीबद्दल ठीक, पण उद्याचं काय? पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकाशेविचने १९२० मध्ये खरं-खोट्याच्या मधली, 'अर्धं' ही तिसरी किंमत मांडली ती उद्यासाठीच. 'उद्या समुद्रात लढाई होईल' हे ॲरिस्टॉटलचं वाक्य आजच खरं म्हटलं तर लढाई आजच ठरली, मग सेनापतींनी विचार तरी कशाला करायचा!

फोंडेकर: मग लुकाशेविचचंच टेबल बघा हो, कुठल्या किंमती जोडल्या की काय उत्तर येतं त्याचा तक्ता. 'उद्या बोट चालेल' अर्धं, 'चालणार नाही' तेही अर्धं, दोन्ही 'किंवा'ने जोडा तर उत्तर परत अर्धंच. चालेल किंवा चालणार नाही एवढं तर शेंबडं पोरही छातीठोक सांगेल.

म्हापशाचा डेटावाला: हसू नका, मी यात पोळलोय. गावच्या लायब्ररीत वर्गणी न भरलेल्यांची यादी काढायला एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) 'नॉट इन', म्हणजे 'पावत्यांत नसलेले', असं लिहिलं आणि यादी आली रिकामी. म्हटलं वा, सगळे हरिश्चंद्र! मग कळलं, एका पावतीवर सभासद नंबरच नव्हता, म्हणजे नल, कोरा रकाना. न भरलेल्या प्रत्येकाला मशीन विचारतं 'ती पावती याची नाही ना?', उत्तर येतं 'माहीत नाही', आणि माणूस ना भरलेल्यांत दिसतो ना न भरलेल्यांत.

फोंडेकर: बघा, म्हणजे घोळ तिसऱ्या किंमतीनेच घातला.

मांडवीकाठ: घोळ कोऱ्या रकान्याने घातला, ती फक्त प्रामाणिक राहिली. आणि जुनं कोणी मोडत नाहीये, आत फक्त खरं-खोटं घातलंत तर ही टेबलं जुनीच उत्तरं देतात. भांडण अर्ध्यापुरतं, आणि ते तिसरी किंमत मानणाऱ्यांतही आहेच: 'अर्धं असेल तर अर्धं' हे लुकाशेविच खरं धरतो, अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्लीनी (१९३८) तेही अर्धंच ठेवतो, त्यामुळे त्याच्याकडे 'अ असेल तर अ' हेसुद्धा कायम खरं राहत नाही. हे मात्र मलाही जरा जास्तच वाटतं.

फोंडेकर: चला, एवढं तरी कबूल केलंत. बोटीचं मी मागे घेत नाही.

म्हापशाचा डेटावाला: मी नल वगळून परत चालवलं. यादी आली, पहिलं नाव माझंच.