चर्चा: जुन्या इंग्रजीतले शब्द पाहून त्या काळच्या कारागिरीची पारख करावी का?

ओसरी:
१०६६ च्या नॉर्मन स्वारीआधीचं इंग्लंड म्हणजे सुतारांचा मुलूख. दगडकाम तिथे बाहेरून आलं आणि हे त्यांच्या शब्दांतूनच कळतं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे त्या काळच्या तिथल्या भाषेत, ‘बांधणे’साठी नेहमीचं क्रियापद ‘टिंब्रिअन’. आजचा ‘टिंबर’, म्हणजे इमारती लाकूड, त्याच कुळातला. याउलट भिंतीचा ‘वेआल’, कौलाचा ‘टिगेले’, चुन्याचा ‘चेआल्क’ हे तिन्ही लॅटिनमधून घेतलेले. उत्तर इंग्लंडचा राजा एडविनने ६२७ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच यॉर्कला दगडी चर्चचं काम काढलं. बीड हा आठव्या शतकातला इंग्रज मठवासी इतिहासकार; त्याच्या लॅटिन इतिहासाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात त्या दगडी चर्चसाठीसुद्धा ‘टिंब्रिअन’च आलंय!

दुसरा पुरावा एल्फ्रिक या इंग्रज मठवासी शिक्षकाच्या लॅटिन संवादपाठाचा, साधारण सन १००० चा. त्यात मुलं एकेका कारागिराची भूमिका घेऊन बोलतात. लोहार म्हणतो, नांगराचा फाळ, माशाचा गळ, चांभाराची आरी, शिंप्याची सुई, सगळं माझ्याकडून जातं. सुतार म्हणतो, तुमची घरं, भांडी आणि होड्या मी करतो. त्यावर लोहार उसळतो: माझ्याशिवाय एक भोक तरी पाडशील का? या सगळ्या भांडणात पाथरवट कुठेच नाही.

चुनखडी:
अजिबात पटलं नाही. शब्द उसना म्हणून कसबही उसनं, हा हिशेब काचेपाशीच कोसळतो. काचेचा ‘ग्लॅस’ हा शब्द अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्याच भाषाकुळातला, लॅटिनमधून आलेला नाही. तरीही ६७४ च्या सुमारास बेनेडिक्ट बिस्कप या इंग्रज मठाधिपतीने उत्तर इंग्लंडात मंकवेअरमथचा मठ उभारला, तेव्हा खिडक्यांसाठी काच करणारे गॉलहून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून बोलवावे लागले. असे कारागीर ब्रिटनमध्ये तोवर कुणाला ठाऊकच नव्हते, असं बीड सांगतो, आणि तो तर त्याच मठात वाढलेला. शब्द घरचा, कसब परक्याचं. मग शब्दावरून कसबाचा निवाडा कसा करणार?

‘वेआल’ तर इंग्रजांचे पूर्वज ब्रिटनमध्ये येण्याआधीच, युरोपच्या मुख्य भूमीवर असताना त्यांच्या तोंडी बसला होता. मातीच्या बांधालाही तो चालायचा. आपण ‘दरवाजा’ हा फारसी शब्द रोज वापरतो, म्हणून आपल्या घरांना आधी दारं नव्हती असं कोणी म्हणेल का?

ओसरी:
काचेचा मुद्दा मान्य. पण त्याच बिस्कपने गवंडीही गॉलहूनच आणले, रोमन पद्धतीचं दगडी चर्च बांधायला. हेही बीडच लिहितो, ते तुम्ही गाळलंत. डरम परगण्यातलं एस्कमचं चर्च पाहा, तेही सातव्या शतकातलं. त्याचे दगड जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातून उचललेले. रोमच्या सहाव्या लीजनचं (सैन्यदलाचं) नाव कोरलेला एक दगड भिंतीत आजही वाचता येतो.

कपाशी:
तुम्ही दोघं नुसत्या भिंतीच बघताय. ओसरी, एल्फ्रिकच्या पाठात विणकरही नाही. म्हणून लोक काय उघडे फिरत होते? मठातल्या मुलांना लॅटिन बोलायला शिकवणारा पाठ आहे तो, कारागिरांची शिरगणती नव्हे. त्यात अमुक नाही म्हणून देशात नव्हतं, असं म्हणणं मला फार धोक्याचं वाटतं.

पण जो शब्द सापडतो तो पुष्कळ बोलतो, हेही तितकंच खरं. ‘वेब्बेस्त्रे’ म्हणजे विणणारी बाई. त्यातला ‘एस्त्रे’ हा मुळात स्त्रीचा प्रत्यय. राजा आल्फ्रेड (मृत्यू ८९९) आपल्या मृत्युपत्रात पुरुषांच्या वंशाला ‘भाल्याची बाजू’ म्हणतो आणि बायकांच्या वंशाला ‘चातीची बाजू’ (चाती म्हणजे सूत कातायची). राजाच्या वाटणीत चाती येते, यावरून त्या कामाची पत कळते. सफोकमधल्या वेस्ट स्टो गावी उत्खननात मातीची गोल वजनं निघाली. उभ्या मागावर ताण्याचे धागे ताठ राहावेत म्हणून ती खाली बांधत. एवढं मोठं काम त्या संवादात कुठेही नाही. मग पाथरवटाच्या गैरहजेरीवर इतका भार का?

ओसरी:
बरोबर, तो पुरावा मी सोडतो. क्रियापदाचा सोडत नाही. वस्तूचं नाव व्यापाराबरोबर येतं, पण ‘बांधणे’ हे क्रियापद रोजच्या कामातून घडतं.

चुनखडी:
घडतं, आणि मग जुनं होऊन कशालाही चालतं. यॉर्कच्या दगडी चर्चला ते चाललं ते त्यामुळेच. ‘स्तान-वुर्ह्ता’, म्हणजे दगडाचा कारागीर, हा शब्दही जुन्या इंग्रजीत आहेच की, आणि दोन्ही तुकडे घरचे!

बिस्कपचे गवंडी परके होते, कबूल. पण त्यानंतरच्या तीनशे वर्षांचं काय? नॉर्थम्प्टनशरमधला अर्ल्स बार्टनचा मनोरा दहाव्या शतकाच्या अखेरचा मानतात. अंगावर दगडी पट्ट्या, उभ्या, तिरप्या, कमानीच्या. लाकडी सांगाड्याची नक्कल म्हणून त्या पट्ट्या तुम्ही तुमच्या बाजूने मांडाल, अनेकांनी मांडल्याही आहेत. माझं म्हणणं, पट्ट्या सोडा आणि कोपरे बघा. एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा, भिंतीत आत शिरलेला, पुन्हा उभा, पुन्हा आडवा. ही सांधणूक ज्याला जमली तो सुतार नव्हता.