अनुभव धागा: जाहिरातीसाठी एजन्सी कशी निवडलीत? (बडोदेकरांसाठी)

दांडिया बाजारात घरून फराळाचा व्यवसाय करते. आतापर्यंत सगळं तोंडोतोंडी चाललं. यंदा दिवाळीआधी फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करायची ठरवली आणि तीन एजन्सींशी बोलले. तिघांनीही 'पॅकेज' सांगितलं, पण त्यातले किती पैसे जाहिरातीला जाणार हे एकालाही नीट सांगता आलं नाही. ज्यांनी हा खर्च केलाय त्यांनी लिहा. एजन्सीचं नाव नको, काय घडलं ते हवं.

मंगळबाजार, चणिया-चोळीचं दुकान

आमचं वर्ष नवरात्रावर चालतं. गेल्या खेपेला एजन्सीने महिनाभर आधीपासून जाहिराती लावल्या. रोज संध्याकाळी लाइक्सचे स्क्रीनशॉट यायचे आणि बाबा खूश व्हायचे. दुकानात मात्र नेहमीचीच गिऱ्हाइकं. शेवटी मी गल्ल्यावर वही ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, "आमचं कुठे पाहिलंत?" आठ दिवसांत इन्स्टाग्राम म्हणणारे चारच निघाले.

मग एजन्सीला अॅड्स मॅनेजर, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती जिथून लावतात ते पान, उघडायला लावलं. जाहिरातीचं उद्दिष्ट 'एंगेजमेंट' निवडलेलं, म्हणजे लाइक आणि कमेंट करणारी माणसं शोधून दे असंच आम्ही यंत्राला सांगत होतो. त्याने तेच केलं. शिवाय जाहिरात अख्ख्या गुजरातभर दिसत होती. भुज-पोरबंदरची मुलगी व्हिडिओ आवडीने बघेल, पण मंगळबाजारात चोळी घालून बघायला कशी येणार? नवरात्राला बारा दिवस उरले होते. भांडून उद्दिष्ट व्हॉट्सअॅप मेसेजचं करून घेतलं आणि परिसर बडोदा व आसपासचा ठेवला. लाइक्स एकदम आटले, पण "चाळीस साइज आहे का?" असे मेसेज सुरू झाले. आधीचे अडीच आठवडे हातचे गेले, याचं अजून वाईट वाटतं.

अलकापुरी, फिजिओथेरपी क्लिनिक

माझी चूक वेगळी. सुरुवातीला एजन्सीने "आम्ही सगळं उभं करून देतो" म्हटलं आणि मी निर्धास्त झाले. अॅड अकाउंट (ज्या खात्यातून जाहिराती चालतात ते) त्यांच्या नावावर, पेजचा पूर्ण ताबा त्यांच्याकडे. चार वर्षांनी फीवरून बिनसलं तेव्हा कळलं की माझ्या नावावर काहीच नाही. पेज दोन महिन्यांच्या विनवण्यांनंतर परत मिळालं. अॅड अकाउंटचा इतिहास आणि कुठली जाहिरात कुणाला भावली याची चार वर्षांची माहिती तिकडेच राहिली.

कृपा करून बिझनेस अकाउंट स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून उघडा, टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) लावा आणि एजन्सीला 'पार्टनर' म्हणून प्रवेश द्या. संबंध संपले की प्रवेश काढून घेता येतो. पासवर्ड कुणालाही द्यावा लागत नाही.

वाघोडिया रोड, मी सीए आहे

पॅकेजबद्दल लिहितो. एजन्सीची फी आणि जाहिरातीचा खर्च यांची बिलं वेगळी मागा. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०,००० च्या जाहिरातीवर ९,००० झाले. अकाउंट तुमच्या नावाचं असेल आणि त्यात तुमचा जीएसटी क्रमांक भरलेला असेल, तर बिल तुमच्या नावावर येतं आणि त्या कराचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून ते वजा करता येतं. कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर क्रेडिट नाही, तेव्हा बजेट धरताना ते ९,००० खर्चातच धरा.

प्रतापनगर, शेव-उसळ

आम्ही एजन्सी घेतलीच नाही. दुकानावर पिन टाकली, तीन किलोमीटरचा परिसर ठेवला, तर्रीचा व्हिडिओ मोबाइलवर काढला. आमच्यापुरतं भागतं.

करेलीबाग, एजन्सीत पाच वर्षं नोकरी केली

दुसरी बाजूही लिहिते. नवी जाहिरात सुरू झाली की यंत्रणा शिकत असते. ती स्थिरावायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट (म्हणजे मेसेजसारखं, जाहिरातीतून जे हवंय ते) लागतात. एका मेसेजला ६० रुपये पडत असतील तर आठवड्याचे ३,००० झाले. मालक दुसऱ्याच दिवशी फोन करून "बदला" म्हणतात, आणि मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू. तेव्हा निदान आठवडाभर धीर धरा.

एजन्सी पारखायची तर मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) अॅड लायब्ररीत जा. ती सगळ्यांना खुली आहे. एजन्सीने सांगितलेल्या ग्राहकांच्या पेजचं नाव टाकलं की आत्ता चालू असलेल्या जाहिराती दिसतात. आणि विचारा, "माझं काम रोज कोण बघणार?" भेटायला येणारा गोड बोलणारा माणूस सही झाल्यावर पुन्हा दिसत नाही, हे मी आतून पाहिलंय.

दांडिया बाजार, पुन्हा मीच

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलीला बसवून अकाउंट माझ्या नावाने उघडलं. तिघांनाही अॅड लायब्ररीत बघितलं. एकाच्या यादीतल्या पाचपैकी चार पेजवर एकही जाहिरात चालू नव्हती. दुसऱ्याने नमुना पाठवला, त्यात माझ्या करंजीला 'गुजिया' लिहिलं होतं. बडोद्यात आपण करंजी म्हणतो, गुजराती शेजारीण घूघरा म्हणते, गुजिया मागायला माझ्या दारात आजवर कुणी आलेलं नाही. तिसरीने मात्र आधी घरी येऊन चकली खाल्ली, दिवसाला किती किलो निघते ते विचारलं आणि म्हणाली, "काकू, तुमच्याने पन्नास किलोच्या वर होणार नसेल तर एवढी जाहिरात लावायचीच कशाला?" फी वेगळी, जाहिरातीचे पैसे माझ्या कार्डावरून, असं तिने स्वतःहूनच सांगितलं. सोमवारी तिला पार्टनर म्हणून प्रवेश देणार आहे. गुजराती मजकूर मात्र शेजारणीकडून वाचून घेईन.