दुपारी २:४८ ला गच्चीची चावी मिळेल का

बी-३०४
सलाम, नमस्कार सगळ्यांना. २७ मेला दुपारी अडीच ते तीन गच्चीची चावी मिळेल का, मुलं चौदा-पंधरा असतील, मी स्वतः वर थांबणार आहे, टाकीकडे कुणी जाणार नाही

सेक्रेटरी
अडीचला?? मॅडम चटके बसतील पोरांना. आणि वॉटरप्रूफिंग आत्ताच झालंय, ठोकाठोकी काही नको

बी-३०४
ठोकाठोकी नाही काका, मॉपचा दांडा आणि रेती भरलेली बादली, बस. दांडा सरळ उभा करायचा आणि बरोबर २:४८ ला सावली खडूने आखायची. त्या वेळी मक्केत दुपारचे १२:१८ असतात आणि सूर्य अगदी काबाच्या डोक्यावर असतो, म्हणजे तेव्हा जिथून जिथून सूर्य दिसतो तिथे सूर्याकडे तोंड केलं की किबल्याकडे, म्हणजे नमाजात काबाकडे तोंड करायच्या दिशेला, तोंड झालं. आपल्याकडे सावली पूर्वेला पडेल, तिच्या उलटी दिशा किबला. २८ ला पण चालतं. जुलैत १५-१६ ला २:५७ ला परत येतं, पण जुलैत मुंबईत सूर्य दिसला तर मीच पेढे वाटेन

बी-१०४
मोबाईलमध्ये ॲप आहे की हो

बी-३०४
आहे ना, लिफ्टच्या मशीनरूमजवळ उभं राहून बघा, किबला कधी वरळीला कधी ठाण्याला

ए-२०१
राग नको, पण गच्चीवर धार्मिक कार्यक्रम नको असं मीटिंगमध्ये ठरलं होतं ना? नियम सगळ्यांना सारखा असावा एवढंच

बी-३०४
बरोबर आहे दादा, तेव्हा मीपण हात वर केला होता. संध्याकाळचा मुलांचा अरबीचा सबक (धडा) माझ्या हॉलमध्येच असतो, तो वर नेत नाहीये. पण हे धार्मिक की भूगोल मला खरंच सांगता येत नाही. १५ मेला दुपारी १२:३५ ला बादलीची सावली गायब झाली तेव्हा तुमची मुलगी पण होती, तीच सगळ्यांत जोरात ओरडली. ते का झालं तर मुंबई उत्तरेला १९ अंशांवर आणि त्या दिवशी सूर्यपण तिथेच आलेला. मक्का साडेएकवीस अंशांवर, म्हणून सूर्य तिथे पोचायला अजून बारा-तेरा दिवस. साडेतेवीसपर्यंत जातो आणि मागे फिरतो म्हणून दोनदा भेटतो. गणित एकच आहे, एकाला आपण शून्य सावली म्हणतो आणि दुसऱ्याला किबला

ए-२०१
ती अजून सांगत असते सगळ्यांना, माझी सावली हरवली होती म्हणून. ठीक आहे

सी-५०३
माशाअल्लाह भाभी. मुलांना हे पण सांगा, मला मेसेज आलाय, कुराणातल्या सूरह यूसुफ या अध्यायात ११ तारे लिहिलेत म्हणजे सूर्यमालेत ११ ग्रह, चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितलं होतं आणि नासा आत्ता शोधतंय

बी-३०४
भाईजान रागावू नका, हे मी मुलांना सांगणार नाही. त्या सूरहमध्ये हजरत यूसुफना स्वप्न पडतं की ११ तारे, सूर्य आणि चंद्र मला सजदा करतायत, म्हणजे डोकं टेकवतायत, आणि शेवटी तिथेच कळतं की ते अकरा म्हणजे भाऊ आणि सूर्य-चंद्र म्हणजे आईबाप. ग्रहांचा संबंधच नाही. आणि समजा मी शिकवलं ११ ग्रह. आपण शाळेत ९ पाठ केले, २००६ मध्ये प्लूटोला बाहेर काढलं, राहिले ८, मग उद्या पोरगं विचारणार आपा, तीन कुठे गेले? तेव्हा पोराचा विश्वास नासावरचा नाही उडणार, माझ्यावरचा आणि किताबवरचा उडणार. ती चंद्रावर अजान ऐकली वाली गोष्ट पण तशीच, नील आर्मस्ट्राँगने स्वतः सांगितलं होतं असं काही झालं नाही, तरी दर रमजानला फिरते

ए-२०१
आमच्या फॅमिली ग्रुपवर सूर्यातून ओमचा आवाज येतो, नासाने रेकॉर्ड केला. दर महिन्याला

सी-२०४
नासावाल्यांना आपल्या ग्रुपशिवाय दुसरं काम नाही बहुतेक

सी-५०३
मग सूर्य फिरतो की पृथ्वी ते काय सांगता? माझा धाकटा गोंधळलाय, शाळेत पृथ्वी फिरते आणि कुराणाच्या आयतीत (ओळीत) सूर्य-चंद्र फिरतात

बी-३०४
हा प्रश्न दरवर्षी येतो. सूरह यासीनमध्ये शब्द आहे यस्बहून, म्हणजे पोहतात, सगळे आपापल्या फलकमध्ये, म्हणजे कक्षेत, पोहतायत, आणि सूर्य चंद्राला गाठू शकत नाही असं आहे. पृथ्वी थांबलीये असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. मी एवढंच म्हणते की पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे शाळेतलं बरोबर आहे, आणि सूर्यपण जागेवर बसलेला नाही, आपल्या सगळ्यांना घेऊन आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरतो, एका फेरीला साधारण २२-२३ कोटी वर्षं. पण आयतीत आकाशगंगाच सांगितली होती असं काही मी म्हणत नाही, ते कुराणात घुसवायचं नाही. आयत म्हणते बघा आणि विचार करा, तर मी पोरांना बघायला नेते. गेल्या पावसाळ्यात पिवळी ओली खजूर झुपक्यासकट आणली होती, त्याचा देठ ठेवून दिला, आता सुकून कोयत्यासारखा वाकलाय. तो हातात दिला आणि अमावास्येच्या आधीच्या पहाटे पूर्वेची कोर दाखवली. सूरह यासीनमध्ये चंद्र मंजिला (मुक्काम) करत करत शेवटी खजुराच्या जुन्या देठासारखा होतो असं आहे. पोरं एकदम गप्प. पाठांतर करून घेताना असली गप्प कधी बसत नाहीत

डी-१०१ काकू
अगं पण ग्रहणात तरी पोरांना वर नेऊ नकोस हो

बी-३०४
काकू आमच्या दादीपण हेच म्हणायच्या, पोटुशी बाईने सुरी धरायची नाही वगैरे, कोकणात सगळ्यांचं सारखंच. पण आमच्याकडे एक हदीस, म्हणजे पैगंबरांची सांगितलेली आठवण, आहे ती मुलांना मी नेहमी सांगते. नबी, म्हणजे पैगंबर मुहम्मद सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा छोटा मुलगा इब्राहिम गेला, इ.स. ६३२, मदीनेत, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणायला लागले सूर्यपण रडतोय. बाप म्हणून त्या वेळी ऐकायला किती बरं वाटलं असतं. पण ते म्हणाले सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्या-जगण्यासाठी त्यांना ग्रहण लागत नाही, दिसलं की नमाज पढा. तेव्हा आम्ही नमाज पढतो, आणि बघायचं तर ग्रहणाच्या चष्म्यातूनच, साधा गॉगल चालत नाही

डी-१०१ काकू
बरं मग मला हे सांग, तुमचा रमजान असा सरकत का जातो? मी लग्न होऊन आले तेव्हा भर पावसात होता

बी-३०४
चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून दरवर्षी ११ एक दिवस मागे येतो, साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत. तुमच्याकडे पण महिना चंद्राचाच ना काकू, पण तुम्ही ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालता म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. आमच्याकडे तसा महिना वाढवायला कुराणात मनाई आहे. पोरांनी दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवून रेघा मारल्या होत्या

डी-१०१ काकू
म्हणजे जावईबापू अधिकात वाण घेतात त्याला चंद्रच जबाबदार

सी-२०४
रविवारी गेटवर तो सगळा गोंधळ काय होता? पोरं हातात मोहरी घेऊन धावत होती

बी-३०४
सूर्यमाला. सूर्य म्हणून १४ सेंटीमीटरचा बॉल गेटवर. त्या हिशोबात पृथ्वी मोहरीएवढी आणि १५ मीटर लांब. चंद्र तिच्यापासून चार बोटांच्या आत. गुरू म्हणून गोटी, ती वाण्याच्या दुकानाजवळ, ७८ मीटर. नेपच्यून साडेचारशे मीटर, सिग्नलच्या पलीकडे, तिथे कुणाच्या आईने जाऊ दिलं नाही म्हणून बोटाने दाखवला. आणि मोहरी हातात असताना तुमचाच मोठा म्हणाला आपा, हे लुकमानचं आहे ना? मला आधी कळलंच नाही. सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला सांगतो, मोहरीच्या दाण्याएवढं काही असलं, खडकात असो आसमानात असो, अल्लाह ते समोर आणेल. मी ते शिकवलं होतं मागच्या वर्षी, चांगुलपणाच्या धड्यात, सूर्यमालेत नाही. त्याने आपलं आपण जोडलं

सी-२०४
आणि घरी साधा पाढा आठवत नाही

ए-२०१
त्या मोहरीवर बसून आपण पार्किंगवरून भांडतोय

सी-५०३
भाभी २७ ला असरपर्यंत, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजपर्यंत, थांबवा की मुलांना. सावलीवरून वेळ काढायला शिकतील

बी-३०४
तेवढ्यासाठीच मे बरा, दुपारची सावली जवळजवळ शून्य असते म्हणून हिशोब सोपा. दांड्याएवढी सावली झाली की आम्हा कोकणी शाफईंची असर, दुप्पट झाली की तुमची हनफी, हे दोन पंथ. पोरांना कळेल की आपल्याकडे दोन वेळा का लागतात, भांडण नाहीये, सावली मोजायची रीत वेगळी आहे. पण तोपर्यंत वर थांबवणार नाही, मध्ये खाली आणून सरबत देईन

सी-२०४
धाकटी विचारतेय, अंतराळात गेलं तर नमाज कुठे तोंड करून? तिथे दांडा उभाच राहणार नाही म्हणते

बी-३०४
तिला सांगा हा प्रश्न मोठमोठ्या आलिमांना (धर्मपंडितांना) पण पडला होता. २००७ मध्ये मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर अंतराळ स्थानकावर गेले, रमजान चालू होता, आणि तिथे दिवसातून १६ वेळा सूर्य उगवतो. तर त्यांच्या देशाच्या आलिमांनी ठरवून दिलं, जमलं तर काबाकडे, नाहीतर काबाच्या वरच्या दिशेला, तेही नाही तर पृथ्वीकडे, आणि काहीच कळत नसेल तर जिकडे असाल तिकडे. वेळा जिथून यान उडालं तिथल्या धरायच्या

सी-२०४
ती म्हणते मग ती जाणार

सेक्रेटरी
चावी २७ ला सव्वादोनला वॉचमनकडे असेल, चपला घालून पाठवा सगळ्यांना, टोप्या पण. आणि मॉप घरचा आणा, १५ तारखेला सफाईवाल्या मावशींची बादली नेली होती ती अजून वरच आहे