शब्दचर्चा: फासे चांगले, दान वाईट

बोर्डगेमांची परीक्षणं मराठीत लिहायचा उद्योग सध्या करतोय. नियम सांगताना फारसं अडत नाही, अडतं ते खोक्यातल्या वस्तूंपाशी. इंग्रजीत 'कंपोनन्ट्स' म्हटलं की काम भागतं. मराठीत 'घटक' लिहिलं की रसायनशास्त्राचा पेपर वाटतो, 'सुटे भाग' लिहिलं की गॅरेज. मी 'साहित्य' वापरतो. शिवणाचं साहित्य, चित्रकलेचं साहित्य, तसं खेळाचं साहित्य. पण "साहित्य दर्जेदार आहे" असं लिहिल्यावर एकाने गंभीरपणे विचारलं, "कोणत्या लेखकाचं?"

दुसरी अडचण 'मीपल'. कार्कासोन हा खेळ २००० साली आला. त्यातल्या लाकडी माणसांना त्याच वर्षी एका खेळाडूने 'माय' आणि 'पीपल' जोडून हे नाव दिलं आणि ते सगळीकडे पसरलं. याला 'सोंगटी' म्हणावं का?

—

सोंगटी नको. सोंगटी घराघरातून पुढे सरकते, मारली जाते, परत बसते. कार्कासोनमधला मीपल सरकत नाही. जमिनीच्या तुकड्यावर ठेवला की गुण मिळेपर्यंत तिथेच. शहरात उभा केला तर सरदार, रस्त्यावर वाटमाऱ्या, आणि शेतात आडवा टाकला की शेतकरी. आडव्या सोंगटीला आपल्याकडे एकच अर्थ, कुणाचा तरी धक्का लागला!

'प्यादं' त्याहून नको. मूळ फारसी शब्दाचा अर्थच पायी चालणारा, आणि मराठीत प्यादं म्हटलं की दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं डोळ्यांपुढे येतं.

—

'गडी' कसा वाटतो? गडी म्हणजे खेळातला भिडू आणि गडी म्हणजे कामावरचा माणूस. आपली माणसं एकेका कामावर नेमायची आणि फेरी संपली की परत घ्यायची, अशा खेळांना हा शब्द चपखल बसतो. "तीन गडी लावले, एक मोकळा ठेवला" हे वाक्य वाचून कुणी अडेल असं वाटत नाही.

—

>>गडी कसा वाटतो<<
ॲग्रिकोलात बसणार नाही. २००७चा खेळ, शेतीचाच, आणि माणसं नेमायचीच. पण सुरुवातीला असतात ती घरची दोन माणसं, शेतकरी आणि त्याचा जोडीदार. पुढे मूल झालं तर तिसरं. घरच्यांना गडी म्हणायचं का?

टेबलावर आम्ही काय बोलतो ते आठवून पाहिलं. "माझा माणूस उचल." "तुझी माणसं संपली का?" कुणी शिकवलेलं नाही. म्हणजे 'माय पीपल'चं 'मीपल' झालं आणि आम्ही नकळत उलट्या वाटेने 'माझी माणसं'वर येऊन पोचलो.

—

हे झकास आहे. बोलताना 'माणूस' आणि खोक्यातली यादी लिहिताना 'मीपल', असं ठरवतो. लिंग पुल्लिंगीच ठेवू: तो मीपल, ते मीपल. कार्कासोनमध्ये प्रत्येकाला आठ मिळतात, सात खेळायला आणि एक गुणफलकावर ठेवायला. 'आठ मीपल' कानाला खटकत नाही, 'आठ मीपल्स' खटकतं.

आता शीर्षकाबद्दल. मागे एका परीक्षणात वाचलं, "फासे वाईट आहेत." मला कळेना, ठिपक्यांचा रंग उडतोय, कडा झिजल्यात, की लेखक हरलाय? मराठीत वस्तू वेगळी आणि निकाल वेगळा: फासा टाकायचा आणि दान पडायचं. कतान या खेळाचं (१९९५) उदाहरण घ्या, त्यात पटावरच्या चकतीवरला आकडा पडला की तिथल्या गावाला माल मिळतो. दोन फाशांची ३६ दानं. त्यात बेरीज सात येण्याचे सहा प्रकार, सहा आणि आठ येण्याचे प्रत्येकी पाच. म्हणून सहा आणि आठच्या चकत्या तांबड्या आकड्यांच्या. तुमची गावं तांबड्या आकड्यांवर बसलीत आणि तासभर तीन आणि अकराच पडले, तर फाशांना बोल लावू नका, "दान पडलं नाही" म्हणा. साहित्याला गुण देताना 'फासे', नशिबाचा वाटा मोजताना 'दान'. इंग्रजी परीक्षणात हा फरक सांगायला एक वाक्य जास्त लिहावं लागतं.

—

दान मान्य. पण 'टर्न'चं काय? 'पाळी' लिहायला मी कचरते, कारण उघड आहे. "प्रत्येकीची पाळी लवकर येते" असं लिहून बघा.

—

'बारी' किंवा सरळ 'खेळी'. डाव, फेरी, खेळी अशी उतरंड लावली की गोंधळ होत नाही: एका डावात अमुक फेऱ्या, एका फेरीत प्रत्येकाची एक खेळी. 'डाव' मात्र जपून. मांडलेला खेळही डाव आणि कपटही डाव. "त्याचा डाव लक्षात आला" म्हणजे नक्की काय, ते मागचंपुढचं वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्याची खेळी संपेस्तोवर हात बांधून बसावं लागतं, त्याला इंग्रजीत 'डाउनटाइम'. आपल्याकडे 'खोळंबा' तयार आहे. "चौघांत उत्तम, पाच जणांत खोळंबा फार." एवढ्यात सगळं आलं.

—

त्याच जातीचे अजून काही. 'गुंतागुंतीचा', 'क्लिष्ट' आणि 'किचकट' हे शब्द परीक्षणांत एकमेकांच्या जागी सर्रास टाकलेले दिसतात. माझ्या मते निर्णय एकमेकांत अडकलेले असतील तर खेळ गुंतागुंतीचा, आणि ती स्तुतीही असू शकते. नियमपुस्तिका तीनदा वाचून कळत नसेल तर भाषा क्लिष्ट. आणि बोटांना काम पुरत असेल, नखाएवढे ठोकळे प्रत्येक फेरीत उचलून सरकवून परत रचायचे असतील, तर किचकट. अशा खेळाची उस्तवारच फार.

मांडणी आणि मांडामांडही वेगळी. पट डोळ्यांना कसा दिसतो ती मांडणी. खेळायच्या आधी अर्धा तास जे चालतं ती मांडामांड. नंतरची आवराआवर. मधे टेबलावर पसरतो तो पसारा.

—

>>नखाएवढे ठोकळे<<
यावरून सावध करतो. ठोकळ्यांचा खेळ म्हणायचं असेल तर तसंच लिहा. मी घाईत 'ठोकळेबाज खेळ' लिहून बसलो होतो. खेळ मला आवडला होता.

—

'टाइल'ला 'फरशी' म्हणावं असं एकीने सुचवलंय. अझूल या खेळापुरतं (२०१७) चालेल का? पाच रंगांच्या प्रत्येकी वीस, एकूण शंभर, कापडी पिशवीतून काढायच्या. हातात घेतल्या की एकमेकींवर आपटून छान वाजतात.

—

तिथेही नाही चालणार. अझूलमध्ये पोर्तुगीज राजवाड्याची भिंत सजवायची असते. मराठीत फरशी पायाखाली असते, भिंतीला आपण टाइल्सच लावतो. आणि कार्कासोनच्या ७२ तुकड्यांना किंवा कतानच्या १९ षटकोनांना फरशी म्हणणं तर ओढूनताणून. 'टाइल' राहू द्या, ती स्त्रीलिंगी होऊन मराठीत कधीच नांदायला लागली आहे. टोकनला 'चकती' मात्र जरूर म्हणा, गोल असेल तर.

—

दोषांसाठी शब्द शोधायची गरज मला कधी पडली नाही. एका खेळाचा पट (नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी असा निघाला की घड्या उघडल्यावर मधे उचललेला, चार कोपऱ्यांवर चार जाड पुस्तकं ठेवून खेळलो. परीक्षणात लिहिलं, "पटाला बाक आहे." पुठ्ठ्यातून चकत्या सोडवताना वरचा कागद सोलून आला, लाकडी मीपलच्या डोक्याचा टवका उडाला, पिसून पिसून पत्त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. पत्त्यांवरच्या त्या कापडासारख्या बारीक दाण्यांना 'पोत' म्हणावं. पोत असलेले पत्ते पिसताना एकमेकांना चिकटत नाहीत.

—

पत्त्यांवरून विचारतो: 'डेक'ला काय? 'कॅट' म्हटलं की मला बावन्न पत्तेच दिसतात.

—

मी 'गड्डी' लिहितो. डॉमिनियन या खेळात (२००८) दहा पत्त्यांच्या गड्डीने सुरुवात, त्यातले पाच हातात, आणि खेळता खेळता गड्डी वाढवत न्यायची. 'कॅट' ठरलेल्या संख्येचा असतो, गड्डी जाड-बारीक होऊ शकते.

—

आणि प्रत्येक पत्त्याला घालतात त्या प्लास्टिकच्या 'स्लीव्ह'ला? 'बाही' म्हणू नका, प्लीज.

—

'खोळ'. साडेत्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरच्या पत्त्याला त्या मापाची खोळ. एक गोष्ट परीक्षणात आवर्जून लिहा: खोळी घातल्यावर गड्डी फुगते, मग खोक्यातल्या खणात मावते का? माझ्या निम्म्या खोक्यांची झाकणं त्यामुळे अधांतरी आहेत. घरी कुणी 'खोळ' म्हणत नाही म्हणा. "सगळ्यांना अभ्रे घालून झाले का?" असं विचारतात.