मदत हवी आहे: अधिस्वीकृतीच्या अहवालात सामाजिक उत्तरदायित्वाचा पुरावा काय द्यावा?

नमस्कार मंडळी,

वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिस्वीकृतीसाठी (म्हणजे दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यतेसाठी) लागणाऱ्या स्वयंमूल्यमापन अहवालातलं एक प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय: सामाजिक उत्तरदायित्व. हाताशी साहित्य काय, तर आरोग्य शिबिरं, रक्तदान, जनजागृती फेऱ्या आणि फोटोंची चळत. समितीतले बहुतेक जण म्हणतात, एवढं पुरे. मला नाही पटत.

बोलेन आणि हेक यांनी १९९५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेली सामाजिक उत्तरदायित्वाची व्याख्या बघा. महाविद्यालयाने शिक्षण, संशोधन आणि सेवा हे तिन्ही ज्यांच्यासाठी ते उभं आहे त्या लोकांच्या निकडीच्या आरोग्यप्रश्नांकडे वळवायचं. शिवाय ते प्रश्न कोणते, हे सरकार, आरोग्यसंस्था, डॉक्टर आणि लोक यांनी मिळून ठरवायचं. आमच्याकडे शिबिराचा विषय विभागप्रमुख ठरवतात, लोकांना कळतं ते फलक लागल्यावर!

वैद्यकीय महाविद्यालयांच्या अधिस्वीकृतीचं कॅनडाचं मानक (१.१.१) आणखी पुढे जातं. ध्येयविधानात या उत्तरदायित्वाचा उल्लेख हवा. प्रवेश, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षणाची ठिकाणं यांत ते उतरलेलं हवं. आणि ठोस निष्पत्ती मोजून दाखवायला हवी. पहिल्या दोन गोष्टी जमतील. गाडी अडलीये तिसरीवर. पदवी घेतलेला डॉक्टर कुठे आणि कोणती प्रॅक्टिस करतो, यावर कॉलेजचा काय ताबा? पदव्युत्तर जागा, पगार, नेमणुका सगळं दुसऱ्यांच्या हातात. मग त्याचा हिशेब आम्ही कसा द्यायचा?

दुसरं, समितीवर लोकांमधले प्रतिनिधी घेतले तर ते शोभेचे राहू नयेत म्हणून तुम्ही काय केलंत?

अजून शिबिरं भरवा, हा सल्ला कृपया नको. :)

प्रतिसाद १

ताबा नाही हे खरं, पण म्हणून हिशेब टळत नाही. बोलेन आणि वूलर्ड यांच्या सामाजिक उत्तरदायित्वावरच्या २००९ च्या मांडणीत तीन टप्पे आहेत: डॉक्टर कसा हवा ते ठरवणं, तसा घडवणं आणि पुढे त्याचा समाजाला उपयोग होतोय का ते पाहणं. शेवटच्या टप्प्यावर कॉलेजने नोकऱ्या निर्माण कराव्यात असं कोणी म्हणत नाही. आरोग्य यंत्रणेशी बोलणी केली का, अडथळे दाखवून दिले का, हे मात्र विचारता येतं. त्या बैठकांची इतिवृत्तं जोडा.

मोजमापासाठी माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवा (विषय, ठिकाण, सरकारी की खासगी) आणि ती प्रवेशाच्या वेळच्या पार्श्वभूमीशी ताडून बघा. नुसते टक्के देऊन काही कळत नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या कॅनडातल्या नॉर्दर्न ऑन्टारिओच्या वैद्यकीय महाविद्यालयाने प्रवेशात त्या भागातल्या मुलांना झुकतं माप दिलं, तिसऱ्या वर्षी आठ महिने छोट्या वस्त्यांत प्रशिक्षण ठेवलं. त्यामुळे पुढे कोण कुठे स्थिरावलं याची सांगड प्रवेश आणि प्रशिक्षणाशी घालता येते.

प्रतिसाद २

प्रतिनिधींबद्दल: त्यांच्या सांगण्यावरून वेळापत्रकात काय बदललं, काय बंद पडलं, ते लिहा. एकही गोष्ट सापडली नाही तर ती समिती सह्यांपुरती आहे, तपासनीसांना ते लगेच दिसतं. आणि त्यांना शेवटच्या बैठकीला नाही, विषयपत्रिका ठरवतानाच बोलवा.

धागाकर्ता

दोघांचे आभार. एक उपप्रश्न: प्रवेशाच्या नोंदी एका विभागाकडे, माजी विद्यार्थ्यांच्या दुसऱ्याकडे. त्या जोडायच्या तर विद्यार्थ्यांची संमती प्रवेश घेतानाच घेता का, की पदवीच्या वेळी? संमतीपत्राचा नमुना कुणाकडे असेल तर इथे डकवा.